जोडावरची मामी

स्टुडिओमामांनी उभ्या आयुष्यात गिऱ्हाईक कापलं नाही. चाकूरला बसस्टँडमागे त्यांची फोटो काढायची खोली होती, आणि चाळीस-पन्नास माणसांचा ग्रुप त्यांच्या कॅमेऱ्यात एका दमात मावत नसे. मग मामा अर्धा ग्रुप एका फोटोत घेत, अर्धा दुसऱ्यात, आणि दोन्ही शेजारी शेजारी चिकटवून एक लांबलचक फोटो करत. जोड कुठे आहे ते सांगा बघू, असं आम्हा शेजाऱ्यांना वर आव्हान. आम्हाला तो कधी सापडला नाही.

त्यामागची युक्ती म्हणजे मामी. ग्रुपच्या बरोबर मध्यावर मामा त्यांना उभं करत. पहिल्या फोटोची उजवी कड मामींच्या नाकावरून जाई, दुसऱ्याची डावी कडही तिथूनच. छापून झालं की दोन्हीकडची अर्धी अर्धी मामी कात्रीनं उडवायची, म्हणजे अलीकडचं आणि पलीकडचं गिऱ्हाईक अख्खं राहायचं. "गिऱ्हाईक कापून चालत न्हाई, घरचं माणूस चालतंय," असं मामा सर्वांदेखत म्हणत आणि मामीही हसत. मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मामी गेल्या तेव्हा भिंतीवर लावायला त्यांचा एक धड फोटो निघाला नाही. लग्नातला वाळवीनं खाल्लेला. पुढचे सगळे "काढू की, कुठं पळून चालली हाय का" म्हणण्यात राहून गेलेले. आधार कार्डावरचा होता, पण तो बघून मामा म्हणाले की ही माझी बायको न्हाई, कुणीतरी फरार बाई दिसतीय. शेवटी त्यांनी जुन्या निगेटिव्हची पाकिटं काढली. बहुतेकांना बुरशी लागली होती. एका महिला भजनी मंडळाची जोडी तेवढी शाबूत होती: डावीत अर्धी मामी, उजवीत अर्धी. ती घेऊन मामा एसटीनं थेट नांदेडला माझ्या दारात आले. मी तिथं कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते.

स्कॅन करून मीच जोडून देते म्हटलं, तर ऐकेनात. "कापली मी, जोडीन बी मीच." पण कात्री-डिंकाचं काम आता त्यांच्या थरथरत्या हातांना जमत नव्हतं, आणि फोटोंचं मोठं सॉफ्टवेअर पाहून ते बिचकले. म्हणून मी दोन्ही निगेटिव्ह स्कॅन केल्या आणि त्यांच्यासाठी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, स्क्रीनवर उघडणारी एक साधी खिडकी बनवली. तिच्यात दोन फोटो शेजारी शेजारी, आणि उजवा फोटो वर-खाली सरकवायला दोन बटणं. एवढंच.

एका रविवारी चाकूरला जाऊन ती उघडून दाखवली, तर दोन फोटोंच्या मधोमध एक करडी फट. बरोबर मामींच्या नाकावर. मी अंतराचे सगळे आकडे तिथंच शून्य केले, तरी फट जाईना. स्कॅनच्याच कडा खराब असतील असं वाटून मी दोन्ही फोटो थोडे थोडे छाटले. मामा चष्मा पुसून स्क्रीनजवळ आले आणि बराच वेळ बघत राहिले. "फट हाय तशीच हाय," ते म्हणाले, "पण तुझी मामी बारीक झाली. तू बी कापलीस तिला." मला इतकं वाईट वाटलं की मी चहाही न पिता उठले.

दोष फोटोंत नव्हताच. खिडकीत फोटो दाखवायचा तर तो लेबल नावाच्या चौकटीत बसवावा लागतो, आणि त्या चौकटीला आपण न सांगताच एक बारीक कड येते. दोन चौकटींच्या दोन कडा मिळून ती फट होत होती. मी कडांची जाडी शून्य केली, मूळचे न छाटलेले फोटो परत लावले आणि पुढच्या रविवारी पुन्हा गेले.

या वेळी फट नव्हती. मामांनी एकेक बटण दाबत उजवा फोटो हळूहळू वर घेतला. कुंकू कुंकवाला लागलं, नाक नाकाला. ओठ मात्र जुळेनात. डावी मामी दात दिसतील इतकी हसत होती, उजवीचे ओठ घट्ट मिटलेले होते. माझंच काही चुकलं असेल म्हणून मी आकडे तपासायला लागले, तेव्हा मामांनी माझा हात बाजूला केला.

"तुझं बराबर हाय," ते म्हणाले. "पहिला फोटो झाला अन् मी वरडलो तिच्यावर. दात काय काढायलीस, गिऱ्हाइकाचा फोटो नासवतीस का, म्हणलो. पन्नास बायांसमोर."

मामा रडले. त्यांना रडताना मी मामींच्या मातीलाही पाहिलं नव्हतं. मग शर्टाच्या बाहीनं डोळे पुसून त्यांनी उजवा फोटो काढून टाकायला सांगितला. "अर्धीच दे, पोरी," ते म्हणाले, "पण हसती दे."

तशीच छापून दिली. मामींचा तो अर्धा चेहरा मामांच्या खाटेसमोर वर्षभर होता. या उन्हाळ्यात मामा गेले. दहाव्याला त्यांच्या सुनेनं मला बाजूला घेऊन विचारलं, ताई, आता तरी सासूबाईंचा फोटो पूर्ण करून देता का, लोक विचारतात. दुसरा भाग माझ्याकडून पुसला गेला, असं मी तिला सांगितलं. तो माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहे. उघडायचा मला धीर होत नाही.