डाव्या हाताची करंगळी

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं आजोबांच्या मागे लागलात, बेस गिटार वाजवून दाखवा म्हणून. ते म्हणाले, "तार तुटलीय रे." तार तुटलेली नाही. गिटार कपाटाशेजारी तिच्या पेटीत आहे आणि तिला काहीही झालेलं नाही. तुमची आई मला म्हणते, बाबांचा हात तर ठणठणीत दिसतो, कपबशी धरतात, शर्टाची बटणं लावतात, मग वाजवत का नाहीत? पुढच्या रविवारी तुम्ही पुन्हा विचाराल आणि त्यांना पुन्हा काहीतरी सांगावं लागेल. तसं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

तुमचे पणजोबा गिरणीत होते. आजोबा अंधेरीला औषधांच्या कारखान्यात लागले आणि तिथल्या हौशी वाद्यवृंदात शिरले. सगळ्यांना पुढे उभं राहून वाजवायची गिटार हवी होती. बेस कुणी घेईना, म्हणून तो या नवीन माणसाच्या गळ्यात पडला. पुढे त्यांच्या एका मित्राने जुन्या हिंदी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा काढला आणि आमचे शनिवार-रविवार बोरिवली, मुलुंड, ठाण्याच्या सभागृहांत जाऊ लागले.

बेस कशासाठी असतो हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. एकदा घाटकोपरच्या कार्यक्रमात त्यांच्या गिटारची वायर निघाली. गाणं चालू होतं, बाकी सगळे वाजवत होते, पण लोक चुळबुळ करू लागले. शेजारची बाई मला म्हणाली, "आज हिचा आवाज लागत नाहीये ना?" गाणारीचा आवाज नेहमीसारखाच होता. आजोबांनी वायर जोडली आणि बाई मान डोलवू लागली. ती त्यांच्याकडे बघतही नव्हती.

नोकरीत असेपर्यंत ते साध्या गिटारवर वाजवत राहिले. निवृत्तीनंतर मात्र त्यांनी परदेशातल्या एका छोट्या कारखान्यात पाच तारांची गिटार करायला टाकली. पुढचा भाग अक्रोडाच्या लाकडाचा, त्यावरच्या रेषा पाण्यावरच्या तरंगांसारख्या. ती आली तेव्हा त्यांनी पलंगावर धुतलेली चादर अंथरून तिला ठेवलं आणि पंखा बंद केला.

"पंखा कशाला बंद केलात?" मी विचारलं.

"एवढ्या लांबून आलीय. हवा बदललीय तिची."

"मी लग्न होऊन आले तेव्हा माझी हवा कुणी विचारली नव्हती."

"तू वेंगुर्ल्याहून आली होतीस," ते म्हणाले.

त्यांना तिच्यावरची, आवाज कमी-जास्त करायची सोनेरी बटणं आवडली नाहीत. "मी काय नवरदेव आहे?" अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात मढची एक मुलगी गिटारी बनवायची आणि दुरुस्त करायची. तिने लाकडाची बटणं कोरून दिली, आतली विजेची जोडणी बदलली, पट्टा अडकवायची जागा सरकवली. ती वर्षं फार सुखाची होती. कार्यक्रमाच्या दिवशी ते दुपारपासून गिटार पुसत बसत. त्यांच्याहून निम्म्या वयाचे वादक मध्यंतरात येऊन विचारत, "अंकल, जरा हातात घेऊ?" आणि हे आधी त्यांना हात धुऊन यायला लावत.

मग डाव्या हाताची करंगळी वाकायला लागली. म्हणजे, तार दाबायला जावं तर ती आपोआप तळहातात मुडपायची. त्यांनी दोष गिटारला दिला. मान जाड आहे म्हणाले. मान म्हणजे डाव्या हातात धरायची ती लांब पट्टी. अंधेरीच्या गाळ्यातल्या त्या मुलीने ती मागून तासून बारीक केली. करंगळी सरळ झाली! येताना ते रिक्षात गात होते. दोन-अडीच महिने उत्तम गेले आणि पुन्हा तेच, आता शेजारचं बोटही. मग मान पुन्हा तासली, तारा हलक्या केल्या, एकमेकींच्या जवळ आणल्या. दर वेळी थोडे दिवस बरं वाटे. कुणीतरी सांगितलं म्हणून डाव्या हातात पातळ रबरी मोजा घालून पाहिला, तर त्यानेही फरक पडला. लोकांना ती स्टाइल वाटली. मोज्याचाही गुण संपला.

आमच्या घरात हात बसत नसेल तर एकच उपाय माहीत होता, रियाज. ते पहाटे दोन तास वाजवायचे ते चार तास वाजवू लागले. मीच त्यांना दूध नेऊन देत होते आणि मनात म्हणत होते, या वयात केवढी ही चिकाटी.

तिसऱ्यांदा मान तासायला गेलो तेव्हा मी सोबत होते. त्या मुलीने गिटार उलटी करून बोट फिरवलं आणि खाली ठेवली.

"नाही अंकल. आता नाय छिलणार."

"थोडंसं गं. कागदाएवढं."

"कागद कागद करून किती काढलं माहितीये? आत लोखंडी सळी असते. अजून घेतलं तर ती बाहेर येईल, वाट लागेल सगळी." मग तिने त्यांच्याकडे न बघता विचारलं, "अंकल, दुसऱ्याच्या गिटारवर पण असंच होतं का?"

भिंतीवर टांगलेली एक साधी गिटार तिने त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली, एक ओळ वाजवली. करंगळी मुडपली. मुलीने माझ्याकडे पाहिलं. "आंटी, डॉक्टरला दाखवा ना."

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हात उत्तम आहे. मेंदूत प्रत्येक बोटाची वेगळी जागा असते. तेच काम वर्षानुवर्षं, अगदी बारकाईने केलं की काही माणसांच्या बाबतीत त्या जागा एकमेकींत मिसळतात, आणि मग फक्त तेच काम करताना बोटं ऐकत नाहीत. याला डिस्टोनिया म्हणतात. आजोबांनी विचारलं, "रियाज किती वाढवू?"

डॉक्टर म्हणाले, "बंद करा. त्यानेच वाढतंय."

रिक्षात बसल्यावर ते एवढंच म्हणाले, "रियाज करून हात जातो, असं कुणी ऐकलंय का गं?" मी ऐकलं नव्हतं.

त्यांनी उपचार घेतले, इंजेक्शनं घेतली. काही जणांना गुण येतो म्हणतात. यांना आला नाही. दोन बोटांवर भागवून ते कार्यक्रम करत राहिले, कारण मंचावर उभं राहायचं सोडलं तर आपलं काय उरेल, हे त्यांना कळत नव्हतं. एवढंच त्यांना हवं होतं, मागच्या रांगेत ड्रमशेजारी उभं राहायला मिळणं. बोरिवलीच्या कार्यक्रमात सूर चुकले. एकदा नाही, बऱ्याचदा. गाणाऱ्या बाईंनी गाता गाता मागे वळून पाहिलं. आमच्या इतक्या वर्षांत त्यांच्याकडे कुणी वळून पाहिलं नव्हतं.

पुढचा कार्यक्रम मुलुंडला होता. आदल्या दिवशी ऑर्केस्ट्रावाल्या मित्राचा मला फोन आला. "वहिनी, तो शेजारी नाहीये ना? एक सांगायचंय. बेस कीबोर्डवाला डाव्या हाताने वाजवेल. याची लाइन साउंडवाला बंद ठेवेल. हा उभा राहील नेहमीसारखा, वाजवेल. लोकांना कळणार नाही."

"आणि त्यांना?"

"त्याला कशाला कळायला पाहिजे?"

"भावोजी, त्यांना पहिल्या सुरात कळेल."

तो रडत होता की काय, मला फोनवर कळलं नाही. "मग तुम्ही सांगा वहिनी. माझ्याने नाही होणार यार."

मी जेवणं झाल्यावर सांगितलं, जसं ऐकलं तसं. त्यांनी ताट उचलून मोरीत ठेवलं, हात पुसले आणि मित्राला फोन लावला.

"अरे, उद्या मी येतोय. पण तिकीट काढून." पलीकडून काहीतरी बोलणं झालं. "गप रे. ऐक. त्या पोराला सांग, अंतऱ्याच्या आधी घाई करू नको. सगळे कीबोर्डवाले तिथेच पळतात."

इतक्या वर्षांत आम्ही सभागृहात शेजारी शेजारी कधीच बसलो नव्हतो. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. मंचावर ड्रमशेजारी मोकळी जागा तशीच होती, तिथे कुणी काही ठेवलं नव्हतं. गाणी सुरू झाली. शेजारपाजारचे लोक माना डोलवत होते, सगळं व्यवस्थित चाललं होतं.

तिसऱ्या-चौथ्या गाण्याला माझं लक्ष त्यांच्या मांडीकडे गेलं. अंधारात त्यांचा डावा हात चालत होता. चारही बोटं, एकामागून एक, सरळ. करंगळी उचलली जात होती, बरोबर जागी पडत होती. एकही सूर सुटत नव्हता. मी बघत राहिले. मग त्यांनीही खाली पाहिलं. हात थांबला नाही. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि डावा हात तसाच चालू दिला, कार्यक्रम संपेपर्यंत. घरी येताना मी त्यांच्याकडे पाहिलं; तो चेहरा मी ओळखते. त्यांना वाटत होतं, परत आलं.

सकाळी मी स्वयंपाकघरात होते. पेटी उघडल्याचा आवाज आला. मग पहिला सूर, दुसरा, पाठोपाठ सगळी ओळ येईल असं वाटलं. ओळ अडखळली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा. मी आत गेले नाही. थोड्या वेळाने एकेक तार सैल केल्याचा आवाज आला. पाचही सूर खाली खाली घसरत गेले आणि ऐकू येईनासे झाले.

ते बाहेर आले आणि म्हणाले, "निवडायला काही आहे का?"

मी गवार पुढे ठेवली. ते जमिनीवर मांडी घालून बसले आणि शेंगांची टोकं मोडून शिरा काढू लागले, भराभर, दोन्ही हातांनी. मी फोडणीकडे वळले आणि भाजी निवडून होईपर्यंत मागे पाहिलं नाही.