वाघाच्या वासाची पुडी

घाटंजीच्या बाजारात तो सगळ्यांच्या मागे, गुरं बांधतात तिथं बसायचा. समोर माल काही नसे. गिऱ्हाईक आलं की आधी इकडेतिकडे बघायचा, मग बंडीच्या खिशातून पुडी काढायचा. "वाघाची घान हाय. धुऱ्यावर टाका, डुक्कर फिरकनार नाई."

मला तेव्हाच संशय आला. कुत्र्याची घाण वाळवून विकत असला तर कोण तपासणार? पण त्या वर्षी कपाशी बोंडअळीनं खाल्ली होती आणि वाचलेली ज्वारी रानडुकरं लोळवत होती.

तो म्हणाला, "थंडी पडत नाई म्हनून अळी मरत नाई, वाघ रायला नाई म्हनून डुक्कर मरत नाई. मारनारेच गेले, भाऊ."

बोलणं पटलं, माणूस पटला नाही. तरी दोन पुड्या घेतल्या.

एक धुऱ्यावर, शेताच्या बांधावर टाकली. डुकरं नेमकी तिथूनच शेतात शिरली.

पुढच्या बाजारी मी त्याचं मनगट धरलं. तो चिडला नाही. हात हळूच सोडवून घेत म्हणाला, "माल खराच हाय. आताच्या डुकरायनं वाघ पाह्यलाच नाई, तं भेतीन कायले?"

लबाडाला अशी उत्तरं पाठच असतात. घरी येऊन रागानं मी दुसरी पुडी गोठ्यात आपटली. ती फुटली. आमच्याच गोठ्यात जन्मलेल्या तरण्या बैलानं वास घेतला आणि पुन्हा कडबा चघळायला लागला. जंगलाकाठच्या गावातून आणलेला म्हातारा बैल मात्र थरथरायला लागला, आणि त्यानं दावं तोडलं.