मावसभावाचं पार्सल

वर्ध्याला ज्या औषधाच्या दुकानात मी अठरा वर्षं काम केलं, तिथे खेड्यापाड्यांत पार्सलं पाठवायचं काम माझ्याकडे होतं. खोकं बांधायचं, पांढऱ्या कापडात शिवायचं, पत्ता लिहायचा आणि वर दुकानाचा निळा शिक्का ठासून मारायचा. तो शिक्का म्हणजे दुकानाची ऐट होती, आणि मी तो दिमाखात मारत असे. खोलीवर वाट पाहणारं कोणी नव्हतं, त्यामुळे कामात नको तेवढा जीव ओतायची सवय लागली होती.

सत्तरचं दशक सरता सरता, अल्लीपूरच्या पुढच्या एका खेड्यातली बाई डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आली. पंचविशीची असेल. चिठ्ठी पाहून कळलं, महारोग. सुरुवातच होती, पाठीवर एक चट्टा, गोळ्या नेमाने घेतल्या तर बरा होणारा. सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळत, पण तिथल्या रांगेत कोणी पाहिलं की गावभर झालंच. आणि दर महिन्याला वर्ध्याला यायला घरून सोडतंय कोण? पोस्टाने पाठवा म्हणाली. मी पाठवल्या, शिक्का मारून.

त्या गावात पोस्ट म्हणजे मास्तरांचं घर. पार्सल आलं की ओट्यावरची मंडळी ते हातोहात फिरवत. कुणाचं, कुठून, आत काय, याची चर्चा झाल्यावरच ते ज्याचं त्याला मिळे. कुणाच्या मनात वाईट नसे, रीतच तशी. पंधरवड्यात ती पुन्हा दुकानात उभी. बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत थांबली, मग हळूच म्हणाली, "शिक्का काऊन मारला जी? अंगात रक्त कमी हाय म्हणून सांगतलं मी. पुढच्या खेपेले कोन आयकन? मले हाकलून देतीन ते."

मला स्वतःचीच चीड आली. इतकी वर्षं लोकांची दुखणी मी नावानिशी गावोगाव वाटत होतो आणि ते कधी डोक्यातही आलं नव्हतं.

मग काउंटरच्या दोन बाजूंना उभं राहून आम्ही एक मावसभाऊ तयार केला. तिला सख्खा भाऊ नाही हे सासरी माहीत होतं, पण मावसभाऊ कोण मोजून ठेवतं? हा वर्ध्याला नोकरीला, मायाळू, बहिणीला काहीबाही पाठवणारा. त्याला एक नाव दिलं, पत्ता माझ्या खोलीचा. डब्यात शिकेकाई, शिकेकाईच्या खाली बिनलेबलची बाटली. गोळी कधी घ्यायची ते तिने तोंडपाठ केलं. "शिकेकाई संपली" असं कार्ड आलं की माझं पार्सल निघे.

पुढे मी नुसत्या शिकेकाईवर थांबेना. संक्रांतीला तीळगूळ, कधी बांगड्या, कधी कुंकू. कुणाला संशय येऊ नये म्हणून, असं मी स्वतःला सांगे. खरं म्हणजे मला ते आवडायला लागलं होतं. कासाराने "कुणासाठी?" विचारावं आणि आपण "बहिणीसाठी" म्हणावं, हे सुख मला तोवर ठाऊक नव्हतं. खोलीवर दुसऱ्या कुणाचं पत्र येत नसे.

तिसऱ्या वर्षी तिच्या दिराचं लग्न निघालं. सासूने कुणाकडून तरी लिहून घेतलेलं पत्र आलं, मावसभावाने यायचंच. मी लुगडं घेतलं, नवा सदरा शिवला आणि बसस्टँडवर गेलो. बस लागलेलीच होती. आतून एकाने हात करून विचारलं, कुठं निघाले? तो त्याच गावचा, आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. तेव्हा कुठे माझी अक्कल ठिकाणावर आली. मांडवात निम्मं गाव मला मेडिकलवाला म्हणून ओळखणार, आणि मग त्या सगळ्या पार्सलांचा अर्थ लावायला कितीसा वेळ लागतो? केळझरच्या गणपतीला चाललो, असं ठोकून दिलं आणि खोलीवर परतलो. लुगडं पोस्टाने गेलं. त्या दिवशी मी जेवलो नाही. आई गेली तेव्हाही इतकं एकटं वाटलं नव्हतं.

पुढच्या वर्षी कार्ड आलं, आता शिकेकाई नको, केस चांगले झाले. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या होत्या. मला आनंद झाला, आणि यापुढे पत्र येणार नाही हेही कळलं.

मग एका दुपारी ती सासूबरोबर दुकानात आली. कडेवर लेकरू, त्याला ताप. मी चिठ्ठी पाहून औषध काढू लागलो. म्हातारी बोलकी होती. सुनेच्या मावसभावाचं नाव, आम्ही ठरवलेलं, सांगून म्हणाली, "अठीच वर्ध्यात राह्यते तो. लुगडं धाडलं, पन लग्नाले आला नाई. आता तं चिठ्ठी बी नाई. तुमी वळखता का त्याले?"

सून लेकराच्या कपाळावरचे केस सारत राहिली. मी म्हणालो, "नाही बाई, या नावाचं कोणी माझ्या माहितीत नाही."

"इसरला असन बहिनीले," म्हातारी म्हणाली.

"नाई आत्याबाई, तो नाई इसरत," सून म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. किती चमचे, दिवसातून किती वेळा, ते मी सासूलाच समजावून सांगितलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी हातात घेतली.