सुजलेल्या नाकाची साक्ष

सिंदी मेघेच्या धम्मदीपनं स्वस्तात जुनी मॅक्रो लेन्स मिळवली खरी, पण ती पडली आखूड. मुंगळ्याचा मोठा फोटो हवा तर मुंगळ्याला नाक भिडवावं लागे. दर रविवारी तो हिंगणीच्या रानातून सुजलेलं नाक घेऊन परते, आणि त्याची बायको भावना सूज पाहूनच किडा ओळखी. लांबून टिपणारी लेन्स परवडेना, म्हणून त्यानं कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारा जुना कन्व्हर्टर हुडकला. आता वीतभर लांबूनही तेवढाच फोटो येई.

पुढच्या रविवारी गांधीलमाशीचा झकास फोटो काढून स्वारी ऐटीत घरी आली. भावनानं आधी नाक न्याहाळलं, मग फोटो.

"नाक तं साजरंच हाय," ती म्हणाली. "फोटो कोनाचा चोरला जी?"