तसबिरीतला तन्मणी

कोणाच्या दिवाणखान्यात जुनी तसबीर दिसली की आजही मी चेहऱ्याआधी दागिने पाहतो. ही खोड मला नाशकात, तीस सालानंतर, फौजदार असताना लागली.

एका सरदार घराण्यातल्या बाईसाहेबांचे यजमान वारले. वाटणीसाठी आलेल्या दिरांनी बाईसाहेबांचा मोत्यांचा तन्मणी चोरीला गेल्याची फिर्याद दिली. संशय नुकतेच काम सोडून गेलेल्या मोलकरणीवर. दागिन्याची ओळख पटावी म्हणून त्यांनी बाईसाहेबांच्या दोन मोठ्या तसबिरी चौकीवर आणल्या. दोन्हींत गळ्यात तन्मणी होता.

ती मोलकरीण हरसूलकडची. आठवडे बाजारात चांदीचे नवे वाळे घालून फिरते, अशी खबर आली. तिला आणले, झडती घेतली. वाळ्यांशिवाय काही निघाले नाही. ते बाईसाहेबांनीच दिले, असे ती म्हणाली.

हवालदाराने विचारले, "तन्मणी कुठं पुरलास? झाड उगवेल म्हणून वाट बघतेस काय?"

"मी तो हातात पायलाच नाय, दादा. बाईसाहेबांच्या गळ्यात तो फकस्त फोटूत असतो."

हवालदार हसला. मला संशय आला, पण तिचा नव्हे. खोटे बोलणारा सोयीचे खोटे बोलतो. हे वाक्य कोणाच्या सोयीचे होते?

मी तसबिरी शेजारी ठेवल्या. एकीत बाईसाहेब समोर पाहत होत्या, दुसरीत मान चांगलीच वळलेली. मान वळली की सरातले काही मोती आड जायला हवेत. भिंगातून मोजले. दोन्हींत सारखेच.

तसबिरी काढणाऱ्या फोटोग्राफरला बोलावून मूळ निगेटिव्हच्या काचा मागितल्या. तो सारखी टोपी काढून कपाळ पुसत होता.

"मूळ काचा फुटल्या, साहेब."

"मग घाम कशाचा?"

पंचांसमोर त्याच्या कपाटातून दोन्ही काचा निघाल्या. उजेडात धरल्या. गळा मोकळा होता. तन्मणी नंतर छापलेल्या प्रतींवर कुंचल्याने काढला होता, खुद्द बाईसाहेबांच्या सांगण्यावरून.

मी एक काच घेऊन त्यांच्याकडे गेलो. बांबूच्या चिकाच्या पडद्याखालून ती आत दिली.

"यजमानांनी तो केव्हाच विकला होता," आतून आवाज आला. "त्यांच्या नावाला बट्टा नको म्हणून रंगवून घेतला. भाऊजींनी मागितला तेव्हा तोंडून गेलं, चोरीला गेला असेल. मी तिचं नाव घेतलं नव्हतं."

"दुसरं कोणाचं नाव निघणार होतं, बाईसाहेब?"



"तिला सगळं ठाऊक होतं. विक्रीचं सांगितलं तिनं?"

"नाही. आज कोठडीत जेवलीही नाही."

काच पडद्याखालून परत आली. "भाऊजींना बोलवा. त्यांच्यादेखत माझी जबानी लिहून घ्या."

सोडताना त्या बाईला वाळे परत दिले. तिने ते पायात घातले नाहीत, पदरात बांधले.

"दिसलं की कोणीतरी मागं लागतं," म्हणाली.

साक्षीदाराची उलटतपासणी करायला आम्हाला शिकवले होते. भिंतीवरच्या तसबिरीचीही करावी लागते, हे मी तिथे शिकलो. तीही कोणाच्या तरी सांगण्यावरूनच बोलत असते, आणि तिच्या खोट्याची शिक्षा बहुतेक वेळा जिची तसबीर कधी कोणी काढलीच नाही, तिला होते.