ठेका मिटवायचा राहिला

परवा भर दुपारी, कुंभारवाड्याला आमच्या अंगणात, मी माझं संगीत पहिल्यांदा घरच्यांना ऐकवलं.

मी जर्मनीत ऑर्केस्ट्रासाठी संगीत लिहितो. बरीच वर्षं शिकवण्या केल्या, किरकोळ कामं केली... आता पहिल्यांदाच एका मोठ्या ऑर्केस्ट्राने माझी रचना घेतली आहे. तालमीचं रेकॉर्डिंग हाती आलं होतं.

बा आत खाटेवर. लकवा झाल्यापासून बोलणं जवळजवळ नाहीच. एके काळी वाडीचा ढोल तेच वाजवायचे. त्यांना आत नीट ऐकू जावं म्हणून लग्नात लावतात तसला मोठा स्पीकर मागून आणला होता.

आधी नुसती व्हायोलिन. आई म्हणाली, "अजून सूरच लावाय लागल्यात काय रे? सुरू कवा करणार?"

मग ढोल आला. लहानपणी डोंगरापलीकडून ऐकलेला ठेका. तो कशाचा ते विसरलो होतो, अंगावर आलेला काटा तेवढा लक्षात होता... तोच मी लिहिला होता. शेवट मुद्दाम अर्ध्यावर तोडला होता. तिकडे सगळ्यांना तोच भाग आवडला.

आईचा चेहरा पांढरा पडला.

थोड्या वेळाने भाताच्या बांधावरून माणसं येताना दिसली. प्रत्येकाच्या खांद्यावर लाकूड. आमच्याकडे मोबाईलला रेंज नसते. कोणी गेलं की ढोल वाजतो आणि चितेसाठी घरटी एक लाकूड येतं... तेव्हा मला आठवलं.

पुढे परसूकाका, बांचे जुने सोबती. दाराकडे बघत हळूच म्हणाले, "कवा गेला?"

"बा आहेत, काका. हे माझं संगीत होतं... स्पीकरवर."

त्यांनी लाकूड खाली ठेवलं नाही. "मग मिटवलं न्हाईस ते. मोकळं सोडलंस. तसं सोडलं, की ते माणूस घिऊनच जातंय."

"मग तुम्ही मिटवा."

"मला येत न्हाई. ते ठावं हाय फकस्त तुझ्या बाला."

मी हे काही मानत नाही. तरी आतला कानोसा घेतला. सकाळपासून बांचा खोकला चालू होता... तो थांबला होता. आईने माझा हात गच्च धरला. आत जाऊन बघायचं धैर्य आम्हा दोघांनाही होईना.

आतून आवाज आला. टक. खाटेच्या लाकडावर बोटाचा. मोठा खंड. पुन्हा टक... मग दोन, अगदी हलके. संपलं.

परसूकाका दारात गेले. "सोताचा ढोल सोताच मिटवलास की रे! आमाला पळवलंस उन्हाचं."

आतून हसल्यासारखं काहीतरी ऐकू आलं.

आणलेलं लाकूड घरी परत नेत नाहीत. ते आमच्या परसात रचून ठेवलं आहे. आई तिकडे बघत नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी रेंजसाठी रामनगरला जाऊन, बांनी मिटवला तसा नवा शेवट मेल केला. पहिला जास्त परिणामकारक होता, असं उत्तर आलं. मी कळवलं, हाच राहील, नाहीतर रचना परत घेतो... त्यावर अजून काही आलेलं नाही.

तिकडे माझं संगीत संपलं की लोक टाळ्या वाजवतात. इथे ते ऐकून लोक हातातलं काम टाकून, खांद्यावर लाकूड घेऊन धावत आले. इतकं खरं मानून मला आजवर कोणी ऐकलं नव्हतं.