गच्चीवरच्या गीझरची पूजा

सासूबाईंचं सगळं सोवळं गच्चीवर. रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या आमच्या तिमजली घरात त्यांची न्हाणी, तुळस, देवघर सगळं वर. थंडीत गुडघे धरत जिना चढायच्या आणि बादलीत रॉड टाकून पाणी तापवायच्या. एकदा शॉक लागता लागता वाचल्या, तेव्हा मी हट्टच धरला. वर गॅसचा गीझर लावायचा आणि त्याला गॅस खालच्या स्वयंपाकघरातून पाइपनं न्यायचा. नवरा म्हणाला, "तुझ्या डोक्यात एकदा शिरलं की शिरलं." शिरलं तर शिरलं!

फिटरनं बाहेरच्या भिंतीवरून तांब्याचा पाइप वर नेला आणि गीझरला जोडला. "दीदी, मैं नीचे गैस चालू करके आता हूँ, फिर साबुन के पानी से जोड़ देखेंगे," म्हणत तो उतरला. मी दोरीवरचे कपडे काढायला लागले.

आता आमच्याकडे नवी वस्तू पूजेशिवाय वापरत नाहीत. फ्रिज आला तेव्हा फ्रिजला ओवाळलं, स्कूटीला तर हारही घातला. मी वळून बघते तर काय, सासूबाईंनी गीझरवर कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं आणि हातात ताम्हण, ताम्हणात पेटलेलं निरांजन! तेवढ्यात भपकन गॅसचा वास आला. मी कपडे टाकून धावले आणि सरळ फुंकर मारून निरांजन विझवलं.

"अवं बाई! देवाचा दिवा फुंकून विझवतात का? काय अवदसा आठवली तुले?"

"गॅस येऊन राहिला ना, आई! एवढा वास सुटला, तुमाले येत नाही का?" मी किंचाळलेच.

जिन्यातून ओरडून गॅस बंद करवला. फिटरनं वर येऊन जोड आवळला, गॅस पुन्हा सोडून साबणाचा फेस लावला. एकही बुडबुडा उठला नाही. "अम्मा, पहले साबुन की पूजा, फिर आपकी," तो हसत म्हणाला. सासूबाई हसल्या नाहीत.

तो गेल्यावर त्या पायरीवर बसल्या. "मागच्या साली ताप आला होता ना, तवापासून मले वासच येत नाही. उदबत्तीचाही नाही."

"मग सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर तू मले शेगडीजवळ जाऊ दिलं असतं का?"

नसतंच दिलं. आम्ही दोघं दिवसभर नव्या रायपूरला ऑफिसात, घरात त्या एकट्या. स्वयंपाकघर म्हणजे त्यांचा जीव. तो काढून घ्यायचा कसा, आणि ठेवायचा तरी कसा?

दुसऱ्या दिवशी त्यांना कढत पाणी मिळालं, गीझर झकास चालला. आम्ही ऑफिसला गेलो. कामात माझं लक्ष लागेना. फोन केला की "हव, बरी आहे" एवढंच म्हणायच्या.

संध्याकाळी घरी आले तर शेगडी थंडगार, दुधाचं पातेलं फ्रिजमध्ये तसंच. त्या स्वयंपाकघराच्या दारात शाल पांघरून बसलेल्या.

"आई, चहासुद्धा नाही घेतला?"

"नाही वं. काडी ओढायच्या आधी वास कोण पाहणार होतं? तू येतपर्यंत थांबली मी."